नांदूर मधमेश्वरला उडती बदकं टिपताना

उडत्या बदकाचा फोटो बहुतेक वेळा कॅमेरा हातात घेण्याआधीच बिघडलेला असतो, कारण उभं राहायची जागा चुकलेली असते. बदक वाऱ्याकडे तोंड करून उठतं आणि उतरतानाही वाऱ्याकडेच तोंड करतं. समोरून येणारा वारा पंखांना उचल देतो आणि कमी वेगात हवेत तरंगून राहता येतं, म्हणून. वारा तुमच्या पाठीमागून येत असेल तर उतरणारी बदकं थेट तुमच्याकडे तोंड करून येतात. तोच वारा तुमच्या तोंडावर येत असेल, तर कितीही महागडी लेन्स असो, हाती शेपट्याच लागतात.

वाऱ्याची दिशा शोधायला अॅप लागत नाही. पाण्यावर बसलेले थवे बघा. वारकरी पक्षी (कूट) असोत की बदकं, विसावलेले पक्षी चोच वाऱ्याकडे करून बसतात. थंडीत निफाड भागात पहाटे वारा जवळजवळ पडलेला असतो आणि पक्षी वाटेल त्या दिशेला तोंड करून बसलेले दिसतात. ऊन चढलं की हळूहळू सगळे एका दिशेला वळतात. त्या क्षणी आपली जागा बदलायची की नाही हे ठरवावं.

दुसरी गोष्ट सूर्याची. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला उगवतो आणि दिवसभर दक्षिणेकडून फिरतो. सकाळी पाण्याच्या पूर्वेकडच्या किंवा आग्नेयेकडच्या काठावर उभं राहिलं की ऊन पाठीशी येतं. त्यात वाराही पूर्वेचा असला तर ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी, आणि पक्षी समोरून येणारे. असे दिवस सोडू नयेत. ऊन पाठीशी पण वारा आडवा असेल, तर बदकं तुमच्यासमोरून डावीकडून उजवीकडे किंवा उलट जातील. चेहऱ्याकडून येणारी फ्रेम मिळणार नाही, पण पंखांची नक्षी पूर्ण उघडी मिळेल. पक्ष्याची ओळख पटवायला हाच फोटो जास्त कामाचा. ऊन पाठीशी आणि वारा तोंडावर असेल तर दुसऱ्या काठाला जावं, नाहीतर कॅमेरा खाली ठेवून दुर्बिणीने बघत बसावं.

जागा आणि पाणी

नाशिकहून निफाडमार्गे साधारण तास-सव्वा तासाच्या अंतरावर गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा नांदूर मधमेश्वर बंधारा आहे. त्याच्या मागचं उथळ, गाळाचं पाणी म्हणजेच हे पक्षी अभयारण्य. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातली पहिली रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची) पाणथळ म्हणून त्याचं नाव पुढे आलं. चापडगावच्या बाजूला वनविभागाचा प्रवेश, निरीक्षण मनोरे आणि स्थानिक गाइड आहेत. मांजरगाव, खाणगाव थडी, कोठुरे ही गावंही याच पाण्याच्या आसपासची. गाइड जरूर घ्या. आज कुठला थवा कुठल्या कोपऱ्यात आहे हे त्याला माहीत असतं, आणि तुमचा पहिला तास वाचतो.

गाइडला पहिला प्रश्न विचारायचा तो पाण्याबद्दल. नांदूर मधमेश्वरहून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन्ही कालवे निघतात. वरून गंगापूर, दारणा धरणांतून आवर्तन, म्हणजे सिंचनाचं पाणी, सुटलं की इथली पातळी चढते, आणि आवर्तन संपून पाणी कालव्यांत गेलं की उतरते. बदकांची जागा या पातळीवर हलते. चक्रांग, थापट्या, तलवार बदक ही वरवर चरणारी बदकं मान बुडवून किंवा शेपूट वर करून जेवढं खोल पोचता येईल तेवढंच खातात. त्यामुळे त्यांना गुडघ्याच्याही खालचं उथळ पाणी लागतं. तलवार बदकाची मान लांब, म्हणून ते चक्रांगपेक्षा थोड्या खोल पाण्यात चरू शकतं. आवर्तन सुटून पाणी चढलं की ही सगळी मंडळी काठाकडच्या बुडालेल्या गवतात सरकतात, म्हणजे तुमच्या जवळ येतात. पाणी उतरलं की गाळाचे पट्टे उघडे पडतात आणि थवे लांब मधोमध जातात. लालसरी, मोठी लालसरी, शेंडी बदक ही बुडी मारणारी बदकं मात्र खोल पाण्यात राहतात. त्यांच्यासाठी गंगापूर धरणाच्या फुगवट्यावर नजर ठेवणं जास्त फायद्याचं.

मनोऱ्यावर चढायचं की काठावर बसायचं? दोन्हींचा फोटो वेगळा. मनोऱ्यावरून बदक तुमच्या नजरेच्या पातळीला किंवा थोडं खाली उडतं, मागे पाणी येतं आणि पंखांची वरची बाजू दिसते. काठावर खाली बसलं की उड्डाण आणि उतरणं अगदी पाण्याच्या पातळीवरून मिळतं, पण उंच गेलेल्या पक्ष्याची पोटाकडची बाजूच दिसते आणि मागे फिकट आकाश येतं. मनोऱ्याची एक अडचण लक्षात ठेवा. कोणी जिना चढलं-उतरलं की फळ्या हलतात, आणि ६०० मिलिमीटरच्या लेन्सवर ती हालचाल फोटोत उतरते. रविवारी मनोऱ्यावर गर्दी असते. फोटोसाठी जाणार असाल तर मधला वार निवडा.

बदकांचा दिवस

कुठलाही थवा कधी उडणार याचा अंदाज त्याच्या दिनक्रमावरून येतो. वरवर चरणारी बरीच बदकं, विशेषतः तलवार बदक आणि चक्रांग, दिवसा उघड्या पाण्यावर झोपतात आणि रात्री दलदलीत, शेतांच्या कडेला चरायला जातात. अडईही अशीच. संध्याकाळी सूर्य बुडाल्यावर साधारण वीस-तीस मिनिटांत हे थवे बाहेर पडतात आणि पहाटे उजाडता उजाडता परततात. म्हणजे सगळ्यात मोठी उड्डाणं नेमकी प्रकाश नसताना होतात. हे मान्य करून त्या वेळेचे फोटो वेगळ्या पद्धतीने घ्यावेत. पश्चिमेच्या तांबड्या आकाशावर काळ्या आकृत्या घ्यायच्या असतील तर १/५०० सेकंदाचा शटर पुरतो, आणि उजेडाचं मोजमाप पक्ष्यावर न ठेवता आकाशावर ठेवायचं. किंवा शटर १/३० ते १/६० पर्यंत खाली आणून थव्याच्या वेगानेच कॅमेरा फिरवायचा. मग पंख पुसट आणि डोकी जरा स्पष्ट असे फोटो येतात. बहुतेक फसतात, म्हणून भरपूर घ्यावे लागतात.

उन्हात उड्डाण मिळण्याची सगळ्यात खात्रीची वेळ म्हणजे शिकारी पक्षी फिरायला लागल्यावर. हिवाळ्यात इथे दलदल ससाणा, म्हणजे मार्श हॅरियर, लव्हाळ्यावरून खालून खालून फिरत असतो. तो थव्यावर आला की शेकडो बदकं एकदम उठतात, पाण्यावर दोन-तीन फेऱ्या मारतात आणि बहुतेक वेळा जवळपास त्याच जागेवर परत उतरतात. नवखा माणूस उठणाऱ्या थव्यावर सगळी बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण, संपवतो आणि उतरताना कॅमेरा अडकलेला असतो. उठतानाचा गोंधळ सोडून द्या. फेरी सुरू असताना थवा कुठल्या बाजूने वाऱ्यात वळतो ते बघा, आणि शेवटच्या वळणानंतरची फ्रेम घ्या. पंख वाटीसारखे वाकवलेले, शेपूट पसरलेली, पाय पुढे काढलेले, पंखाच्या अंगठ्याजवळची पिसं उभारलेली. हे सगळं दोन-तीन सेकंदांतच होतं, पण जागा आधीच माहीत असते.

डिसेंबरच्या शेवटापासून आणखी एक प्रकारची उड्डाणं दिसायला लागतात. बदकांच्या जोड्या इकडेच, हिवाळी मुक्कामात, जमतात. एक मादी पुढे आणि तिच्या मागे तीन-चार नर, असा छोटा घोळका हवेत वेडीवाकडी वळणं घेत जातो. ही मंडळी आपल्याच नादात असतात आणि बऱ्याचदा जवळून जातात. जोडी जमल्यावर वसंतात नर मादीच्या मागे तिच्या जन्मभागाकडे जातो. उत्तरेकडे कुठल्या प्रदेशात जायचं हे मादी ठरवते.

बदक उठणार हे आधी कळतं. थव्यातली डोकी वर होतात, माना ताठ होतात, डोकं बाजूला झटकलं जातं किंवा वर-खाली हलवलं जातं, आवाज वाढतो आणि सगळे वाऱ्याकडे वळतात. हे दिसलं की श्वास स्थिर करा आणि लेन्स तयार ठेवा. चक्रांग मात्र फारसं सांगत नाही. ते पाण्यावरून एकदम उसळतं.

इथे शरीररचना समजली की फ्रेम आपोआप बरी येते. वरवर चरणाऱ्या बदकांचे पाय शरीराच्या मध्याजवळ असतात आणि वजनाच्या मानाने पंख मोठे. पाण्यावर पंखांचा एक जोरदार फटका मारून ती सरळ वर उठतात. म्हणून बसलेलं चक्रांग फ्रेमच्या खालच्या भागात ठेवा, वर जागा सोडा. शक्य असेल तर कॅमेरा उभा धरा. बुडी मारणाऱ्या लालसरीचे पाय मागे, पंख लहान, अंग जड. तिला पाण्यावर पाय मारत वाऱ्याकडे कितीतरी मीटर धावल्याशिवाय उठता येत नाही. तिच्यासाठी कॅमेरा आडवा, आणि ती ज्या दिशेला धावणार तिकडे जागा. वारकरी पक्षीही असाच धावत उठतो. त्याच्यावर सराव करून घ्या, तो कायम समोर असतो.

लेन्स आणि अंतर

किती मिलिमीटर लागतील याचा हिशेब साधा आहे. सेन्सरची रुंदी भागिले फोकल लेंग्थ, गुणिले अंतर. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ६०० मिलिमीटर लेन्स असेल तर ५० मीटरवर तुमच्या फ्रेमची रुंदी ३ मीटर असते. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे १.५ वाल्यावर, ४०० मिलिमीटर लेन्सने ५० मीटरवर तेवढीच रुंदी मिळते. चक्रांगच्या पंखांचा पसारा साठ सेंटिमीटरच्या आत-बाहेर. म्हणजे ५० मीटरवर तो फ्रेमचा जेमतेम पाचवा हिस्सा व्यापतो आणि ३० मीटरवर तिसरा हिस्सा. हळदी-कुंकू बदक त्याच्यापेक्षा बरंच मोठं, त्यामुळे तेच अंतर त्याच्यासाठी चालून जातं. १००-४००, २००-५००, १५०-६०० किंवा २००-६०० यांपैकी कुठलीही झूम या कामाला चालते. फोकस सांभाळणारी चांगली लेन्स थोडी कमी लांबीची असली तरी घ्यावी. लांब पण संथ लेन्स बसलेल्या पक्ष्याला ठीक, उडत्या बदकाला नाही.

बदकं साधारण ६० ते ८० किलोमीटर वेगाने उडतात. ६५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १८ मीटर. १/५०० शटरमध्ये ते साडेतीन सेंटिमीटर पुढे जातं, १/२००० मध्ये ९ मिलिमीटर. कॅमेरा त्याच्याबरोबर फिरवला की शरीराची हालचाल भरून निघते, पंखांच्या टोकांची नाही. म्हणून चक्रांग, भुवई बदक अशा छोट्यांसाठी १/२५०० किंवा १/३२००, हळदी-कुंकू आणि चक्रवाकसाठी १/१६०० ते १/२०००, आणि उतरणाऱ्या मोठ्या बदकाला १/१२५० हे आकडे पक्के धरा. समोरून वारा असताना बदकाचा जमिनीसापेक्ष वेग कमी होतो. ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्यात ६० ने उडणारं बदक वाऱ्याकडे जाताना ४० ने आणि वाऱ्याबरोबर जाताना ८० ने जातं. ज्यांचा सराव कमी आहे त्यांनी वाऱ्याकडे जाणारे पक्षीच निवडावेत.

छिद्र एफ ६.३ ते एफ ८. ६०० मिलिमीटर, एफ ६.३ आणि ५० मीटरवर फोकसची खोली साधारण अडीच मीटर मिळते, पण ३० मीटरवर ती मीटरभरच उरते. म्हणून जवळून जाणाऱ्या थव्यात एखाद्या रांगेतलेच पक्षी स्पष्ट येतात. बाकीचे पुसट येणार हे गृहीत धरून एकच पक्षी निवडावा आणि शेवटपर्यंत त्यालाच धरावं. सगळा थवा स्पष्ट हवा असेल तर एफ ८ आणि जास्त अंतर.

आयएसओची, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता वाढवण्याची, भीती बाळगू नका. जानेवारीत सूर्योदय सातच्या पुढेमागे होतो. आठच्या सुमाराच्या कोवळ्या उन्हात एफ ६.३ आणि १/२५०० साठी आयएसओ १६०० च्या आसपास लागतो. नऊनंतर तो ८०० किंवा त्याखाली आणता येतो. कमी आयएसओ ठेवून हललेला फोटो काही केल्या सुधारत नाही. दाणेदार फोटो मात्र आजच्या सॉफ्टवेअरने बराच स्वच्छ होतो.

एक्स्पोजर पूर्ण मॅन्युअल ठेवावं, निदान उघडं स्वच्छ ऊन असताना. कारण सरळ आहे. बदक उडताना त्याच्या मागे एकदा चमकतं पाणी येतं, एकदा काळसर लव्हाळं, एकदा पांढरट आकाश. कॅमेऱ्याचं स्वयंचलित मोजमाप मागच्या दृश्याप्रमाणे बदलत राहतं, पण पक्ष्यावर पडणारं ऊन तेच असतं. त्याच उन्हातल्या सुक्या गवतावरून माप घ्या, एक-दोन फोटो काढून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा आणि आकडे तसेच ठेवा. थापट्या नराची छाती पांढरीशुभ्र असते. ती जळाली की पिसांचा तपशील परत येत नाही. त्याच्यासाठी एक्स्पोजर एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉपने कमी करावं. ढग येत-जात असतील तर शटर आणि छिद्र हाताने ठेवून आयएसओ ऑटोवर सोडा. त्या वेळी आकाशावरच्या पक्ष्यासाठी एक ते दीड स्टॉप वाढवा, नाहीतर काळी आकृती मिळेल.

फोकस आणि अंग फिरवणं

सतत फोकस, म्हणजे एएफ-सी किंवा सर्वो. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत पक्ष्याचा डोळा ओळखण्याची सोय असते, ती चालू ठेवा. पण लव्हाळ्यासमोरून जाणाऱ्या पक्ष्यावर ती गडबडते आणि गवताच्या काड्यांवर उडी मारते. अशा जागी मध्यम आकाराचा झोन किंवा नऊ बिंदूंचा गट जास्त भरवशाचा. जुन्या डीएसएलआरमध्येही हीच निवड. फोकस पक्ष्यावरून सुटला तर लगेच मागच्या वस्तूवर जाऊ नये म्हणून ट्रॅकिंगची संवेदनशीलता थोडी कमी करा. लेन्सवर फोकस लिमिटर असेल तर जवळचा भाग बंद ठेवा. आणि पक्षी येण्याआधीच चाळीसेक मीटरवरच्या एखाद्या खुंटावर किंवा गवताच्या झुबक्यावर फोकस लावून ठेवा. रिकाम्या आकाशात लेन्स एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शोधत बसली की पक्षी गेलेला असतो.

फोकसचं बटण मागे, अंगठ्याखाली घ्या. शटर फक्त फोटोसाठी. सुरुवातीला हात अडखळतो, पण बसलेल्या बदकावर फोकस सोडून द्यायचा आणि उठताक्षणी परत धरायचा, हे याशिवाय नीट जमत नाही.

इलेक्ट्रॉनिक शटरबद्दल एक सूचना. सेन्सर हळू वाचणाऱ्या कॅमेऱ्यात वेगाने हलणारे पंख वाकडे, ताणलेले येतात. हा दोष संगणकावर जात नाही. मेकॅनिकल शटर वापरा. सेकंदाला दहा फ्रेम मिळत असतील तर बदकाच्या दर फडफडीला एक-दोनच फ्रेम हाती येतात. पंख पूर्ण वर किंवा पूर्ण खाली असलेली फ्रेम त्यात असेलच असं नाही. म्हणून छोटे छोटे बर्स्ट (सलग फोटो), पण योग्य क्षणी.

पाय ठेवायची पद्धत बहुतेक जण उलटी करतात. येणाऱ्या पक्ष्याकडे पाय वळवून उभे राहतात आणि पक्षी समोर आला की कंबर अडकते. फोटो जिथे घ्यायचा आहे तिकडे पाय ठेवा, कंबरेतून मागे वळून पक्ष्याला लांबून धरा, आणि पक्षी पुढे येईल तसे अंग उलगडत या. डावा तळहात लेन्सखाली, कोपरे छातीला टेकलेली. झूम ३०० च्या आसपास ठेवून पक्षी शोधा, मग वाढवा. शेवटच्या क्लिकनंतरही कॅमेरा क्षणभर फिरता ठेवा. क्लिक होताच थांबायची सवय असेल तर शेवटच्या दोन फ्रेम हमखास हलतात. स्थिरीकरण पॅनिंगच्या मोडवर ठेवा, १/२००० च्या वर ते बंद केलं तरी चालतं.

सरावासाठी अभयारण्य कशाला? नाशिकच्या रामकुंडावर पारव्यांचे थवे दिवसभर उठतात आणि परत उतरतात. वेग बदकांच्या जवळपासचा, आकार लहान, आणि त्यांना माणसांची सवय आहे. तिथे पारव्याच्या डोळ्यावर फोकस टिकायला लागला की चापडगावला जाण्यात अर्थ आहे.

पंखावर काय लिहिलंय

ऑक्टोबरमध्ये आलेली बदकं ओळखताना अनेक जण गोंधळतात, कारण नर मादीसारखे दिसतात. विणीनंतर बदकं उड्डाणाची सगळी पिसं एकदम गाळतात आणि तीन-चार आठवडे उडूच शकत नाहीत. त्या काळात भडक रंग जिवावर बेततो, म्हणून नरावर मळकट पिसारा चढतो. आपल्याकडे पोचतात तेव्हा तो पूर्ण उतरलेला नसतो. डिसेंबर-जानेवारीत नर रंगात येतात. पंखावरचा चमकदार पट्टा मात्र सगळा हिवाळा सारखाच राहतो. म्हणून उघड्या पंखाचा एक स्पष्ट फोटो बसलेल्या पक्ष्याच्या दहा फोटोंपेक्षा जास्त सांगतो.

थापट्या, म्हणजे शॉव्हेलर, नराच्या पंखाचा पुढचा भाग फिकट निळा, मागे हिरवा पट्टा, मध्ये पांढरी रेघ. मोठ्या चोचीमुळे उडतानाही पुढचा भाग जड दिसतो. भुवई बदकाचा, म्हणजे गार्गनीचा, नरही पुढे निळसर राखाडी, पण चोच साधी आणि अंग लहान. चक्रांग आणि भुवई बदक यांच्या माद्या सगळ्यात जास्त चुकतात. चक्रांग मादीचा हिरवा पट्टा झळकतो आणि त्याच्या पुढची पांढरी रेघ मागच्या रेघेपेक्षा रुंद असते. भुवई बदकाच्या मादीचा पट्टा मंद, आणि मागची पांढरी कड ठळक. संगणकावर शंभर टक्के मोठं करून हीच जागा बघा.

गडवालच्या पंखावर शरीराजवळ पांढरा चौकोन. तरंग, म्हणजे विजनच्या, प्रौढ नराच्या पंखावर पुढे पांढरा डाग, पण पहिल्या हिवाळ्यातल्या नराला तो नसतो, म्हणजे वय कळतं. तलवार बदक लांब मान आणि टोकदार शेपटीने लांबूनच कळतं. हळदी-कुंकू उडताना पाठीकडे पांढरा तुकडा चमकतो आणि पंखाची आतली बाजू पांढरी. मोठ्या लालसरीच्या पंखभर रुंद पांढरी पट्टी. चक्रवाकच्या पंखाचा पुढचा भाग पांढरा, उडण्याची पिसं काळी. नकट्याचे पंख वरून-खालून काळे. अडई मान किंचित खाली झुकवून, पाय शेपटीमागे सोडून शीळ घालत जाते.

पट्ट्याचा हिरवा-निळा रंग हा रंगद्रव्याचा नाही. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतून तो दिसतो, म्हणून कोन बदलला की तोच पट्टा काळा दिसतो. ऊन पाठीशी असताना, पक्षी तुमच्यापासून दूर वळताना किंवा मनोऱ्यावरून खाली बघताना तो पेटतो. उलट्या उन्हात रंग शोधू नका.

कोण कधी येतं याचाही अंदाज ठेवा. भुवई बदक सगळ्यांच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरपासून दिसू लागतं आणि परतीच्या वाटेवर मार्च-एप्रिलमध्ये पुन्हा भेटतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात थापट्या, तलवार बदक, चक्रांग. चक्रवाक लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांवरून उतरतो. हिमालय ओलांडताना तो ६,८०० मीटरपर्यंत चढल्याची नोंद आहे. हळदी-कुंकू, अडई, काणूक, नकटा ही इथली रहिवासी, पावसाळ्यात विणीची. पावसाळ्यात नकटा नराच्या चोचीवरचा उंचवटा फुगतो, आणि काणूकसारखे पक्षी झाडाच्या ढोलीत अंडी घालतात. त्या काळात ढोलीजवळ कॅमेरा घेऊन रेंगाळू नये आणि जागेचा पत्ता कुठेही टाकू नये.

बिघडलेले फोटो काय सांगतात

मागचं लव्हाळं स्पष्ट आणि पक्षी पुसट असेल तर फोकस निसटून मागे गेला. झोन लहान करा, पक्ष्याला अजून लांबून धरायला सुरुवात करा. जवळचा पंख स्पष्ट आणि डोळा पुसट असेल तर छिद्र एफ ८ करा. सगळा पक्षी एका दिशेने ओढल्यासारखा दिसतो तेव्हा फिरवण्याचा वेग कमी-जास्त झालेला असतो. पण पक्षी, पाणी, गवत सगळंच मऊ, वितळल्यासारखं आलं, तर तो लेन्सचा दोष नाही. साडेदहा-अकरानंतर तापलेल्या गाळावरून हवा वर उठते आणि लांबच्या दृश्याची वाट लागते. शटर कितीही वाढवा, सुधारत नाही. एकच उपाय, पक्षी जवळ असेल तेवढेच फोटो घेणं, किंवा थांबणं. निफाडची थंडी कडक असते. थंडीत गार झालेली लेन्स थेट गरम गाडीत आणली तर तिच्यावर पाणी बसतं, म्हणून गाडीचा हीटर बंद ठेवा आणि लेन्स बंद पिशवीतच हळूहळू गरम होऊ द्या.

पोटाकडची बाजू काळी येते, कारण सूर्य वर चढलेला असतो. उगवल्यानंतरच्या दीडेक तासात ऊन पंखाखाली पोचतं. त्यानंतर पक्षी वळण घेताना एका बाजूला झुकतो तेव्हाच आतली पिसं उजळतात.

उठवायचं नाही

दगड मारून किंवा टाळ्या वाजवून उठवलेलं बदक तुमच्यापासून दूर पळतं, म्हणजे फोटोही शेपटीचाच येतो. त्याहून मोठा तोटा त्याचा. फेब्रुवारीपासून ही बदकं परतीच्या हजारो किलोमीटरसाठी चरबी साठवत असतात. दिवसातून पाच-सहा वेळा उठावं लागलं तर खाण्याचा वेळ जातो आणि साठवलेलंही खर्च होतं. चरणारी डोकी एकदम वर आली, थवा एका ओळीत पोहत दूर जाऊ लागला, की तुम्ही फार जवळ आलात. तिथेच थांबा आणि दोन पावलं मागे या. बांधावर गाडी उभी करता येत असेल तर गाडीतच बसा. उतरलेल्या माणसापेक्षा गाडीला बदकं कमी बिचकतात. खिडकीवर दोनेक किलो तांदूळ भरलेली पिशवी ठेवली की लेन्स स्थिर राहते. ड्रोन अभयारण्यात चालत नाही, आणि थव्यावर तो ससाण्यासारखाच जातो.

घरी आल्यावर निवड करताना डोळा स्पष्ट, पंख पूर्ण वर किंवा खाली, मान तुमच्याकडे किंचित वळलेली आणि पुढे मोकळी जागा, एवढंच बघा. पाण्याची रेषा सरळ करा. ओळखीसाठी घेतलेले बिघडलेले फोटो मात्र लगेच पुसू नका. एखाद्या पक्ष्याच्या पायात अभ्यासकांनी घातलेली कडी दिसली तर ती मोठी करून अक्षरं-आकडे वाचायचा प्रयत्न करा आणि तारीख, जागा, जात यांसह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. अर्धवट वाचलेला आकडाही पाठवावा. दिवसाची यादी ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, टाकताना संख्या अंदाजे असली तरी लिहा, आणि वेगळ्या वाटणाऱ्या जातीला उघड्या पंखाचा फोटो जोडा.